पंचविशीच्या आतलं भाडं

सोयाबीनच्या मळणीची धूळ नाकात गेली की माझा हात आपोआप खिशाकडे जातो, किल्ली आहे का बघायला. बाकीच्यांना या दिवसांत दसरा आठवत असेल, दिवाळीचा बाजार आठवत असेल. मला भाड्याची एक पांढरी गाडी आठवते. आज सकाळी शेजारच्या वावरात मळणीयंत्र लागलं. भुसा वाऱ्यावर आमच्या अंगणात आला, वाळत घातलेल्या धुण्यावर बसला आणि मायचं तोंड सुरू झालं. मी ओट्यावर बसून अंग खाजवत होते आणि हसत होते.

माझं नाव कोमल. नाव ठेवणारीचा अंदाज साफ चुकला असं आमच्या वस्तीवर सगळेच म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. वस्ती टेंभुर्णीपासून पायी अर्ध्या तासावर. दहा-बारा घरं, एक हापसा, एक मारुती. आज माझ्या दारात माझी स्वतःची पिकअप उभी असते, आणि वय विचाराल तर तिशीला टेकलेय. ज्या हंगामाबद्दल सांगतेय तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. कमी वयाला इतका खर्चा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या वर्षी मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे लागून एका एकरात तुती लावली होती. तुतीचा पाला रेशमाच्या अळ्यांना घालायचा. त्या वीसेक दिवस खातात आणि मग स्वतःभोवती धागा गुंडाळून कोष करतात. तो कोष जालन्याच्या बाजारात नेऊन विकायचा. धंदा म्हणाल तर एवढाच. मेख अशी की कोष तयार झाला की घड्याळ सुरू होतं. आत अळीचा पतंग होत असतो. आठ-दहा दिवसांत तो कोष फोडून बाहेर येतो, आणि फुटक्या कोषाचा धागा निघत नाही, त्याला कुणी विचारत नाही. अण्णांचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. ते म्हणाले, "दोन बॅच देतो तुला. दुसरीचे कोष नीट विकले न्हाईत, तं तुती उपटायची आन् सोयाबीन पेरायचं. मंग रडायचं न्हाई."

"रडतंय कोण," मी म्हटलं.

पहिली बॅच मी एस.टी.ने नेली. देऊळगाव राजाला एक जाडजूड पाव्हणा गाडीत चढला आणि थेट माझ्या पोत्यावर बसला. उठा म्हटलं तर म्हणाला, "मऊ हाय, बसू दे की." जालना येईस्तोवर मी त्याला उठवत राहिले आणि तो मला "आलंच की आता" म्हणत राहिला. खालचे कोष चेपून आतल्या अळ्या फुटल्या, डाग पडले, आणि व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला तसा लगेच बाहेर काढून रुमालाला पुसला. भाव काय मिळाला ते मी आजही सांगत नाही. घरी आल्यावर पैसे अण्णांच्या हातात ठेवले. त्यांनी फक्त तुतीच्या वावराकडे बघितलं, आणि ते बघणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

दुसरी बॅच सोयाबीनच्या सुगीत आली. त्या दिवसांतली शेड अजून माझ्या नाकात आहे. ओला पाला, चुना, आणि अळ्यांचा कुबट गोडसर वास. हजारो अळ्या एकदम पाला खातात त्या आवाजाला सगळे पावसाची उपमा देतात. मला तो लग्नातल्या पहिल्या पंगतीसारखा वाटतो. कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे जेवतायत. मग एक दिवस त्यांचं पोट भरतं. मान वर करून इकडंतिकडं बघायला लागतात, अंग पिवळसर होतं, आणि दोन-तीन दिवसांत सगळ्या जाळ्या पांढऱ्या बोंडांनी भरून जातात. मी कोष कानाशी धरून हलवायची. आत खुळखुळ वाजलं की समजायचं, माल काढायला झाला. त्या बॅचचे कोष हातात घेतले आणि मला कळलं की हे चांगले आहेत. घट्ट, जड, एकसारखे. मायनं जुन्या सुती साड्यांची पाच पोती शिवली, हवा खेळावी म्हणून सैल भरली. पाच पोती बाजारात न चेपता पोचवायची, एवढंच राहिलं होतं.

गाडी मात्र मिळेना. पंचक्रोशीतली एकूण एक पिकअप सोयाबीन वाहत होती. एका टॅक्सीवाल्याला विचारलं तर त्यानं पोत्याला नाक लावलं आणि म्हणाला, "ह्या वासावर दुसऱ्या दिवशी पाव्हणे बसतील का?" एस.टी.चं तर नावच काढायचं नव्हतं. शेवटी आठवले टेंभुर्णीचे उत्तमकाका. त्यांचं पंक्चरचं दुकान होतं, आणि दोन छोट्या कार ते ड्रायव्हरशिवाय दिवसाच्या भाड्यानं द्यायचे. मला गाडी येत होती. मावसभावाच्या पिकअपवर शिकले होते, लायसन होतं, आणि लायसनवरचा फोटोसुद्धा बरा आला होता.

उत्तमकाकांनी लायसन चष्म्याजवळ नेलं, जन्मतारीख वाचली, बोटांवर मोजलं. "एकवीस."

"हो."

"पंचविशीच्या आत मी गाडी देत न्हाई, बाई."

"पोरगी म्हणून न्हाई म्हणता का?"

"पोरगी असो का पोरगा. माझ्या सख्ख्या पोरालाबी देत न्हाई. बाविशीचा हाय, सायकलवर फिरून राह्यला." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तू चांगली चालवती, मी पाह्यलंय. तुझ्या हातावर माझा भरवसा हाय. वयावर न्हाई. माझ्या पुतण्याचा हातबी चांगलाच होता. रस्ता मोकळा दिसला आन् पाय दाबला. तो वाचला. माझी पहिली गाडी गेली."

मी उठले नाही. असल्या वेळी उठायचं नसतं, हे मला मायनं भाजीवालीकडं शिकवलंय. दुकानात बसून राहिले. त्यांनी तीन पंक्चर काढले, मी पाना दिला, हवेचा पाइप धरला, पाण्याची घमेली सरकवली. चौथ्या पंक्चरला ते म्हणाले, "बापासारखीच हट्टी हायस." मी म्हटलं, "अण्णांसारखी न्हाई. त्यांच्या वरची."

तेव्हा त्यांनी अटी सांगितल्या. डिपॉझिट डबल. दिवसाचं भाडं दीडपट. "आन् तुझ्या शेजारी पन्नाशीच्या पुढचं, लायसनवालं माणूस बसलं पाहिजे. असं माणूस, की ज्याच्या तोंडाकडं पाहून तुला जोरात चालवायची लाज वाटंल."

पहिल्या दोन अटी पैशाच्या होत्या. मायनं बोकड विकला, अण्णांनी तोंड वाकडं करून बाकीचं दिलं, विषय मिटला. तिसरी अट मी आधी हसण्यावारी नेली. मग हिशोब लक्षात आला. पाच पोती होती. एक डिक्कीत, तीन मागच्या सीटवर, एक पुढच्या सीटवर. माणूस बसवला तर एक पोतं खाली राहणार. कोंबता येत नाही, कोंबलं की त्या पाव्हण्यानं केलं तेच मी करणार. टपावर टाकलं तर ऊन. दुसरी खेप करावी तर तोवर लिलाव उरकणार. म्हणजे माझ्या वयाला चार वर्षं कमी पडत होती, त्याची किंमत एक पोतं. मी त्या रात्री पोत्यांकडं बघत बसले आणि मला इतका राग आला की जेवले नाही. कुणावर राग काढणार? जन्मतारखेवर?

शिवाय असं माणूस आणायचं कुठून? अण्णा पंचवीस वर्षं मोटारसायकल चालवत होते, पण लायसन त्यांनी उभ्या जन्मात काढलं नव्हतं. पोलीस दिसला की गाडी बंद करून ढकलत न्यायचे, पेट्रोल संपल्याचा चेहरा करून. वस्तीवर पन्नाशीच्या पुढचं आणि लायसनवालं माणूस एकच होतं. गंगाधरमामा. मायकडून लांबचे मामा, एस.टी.त ड्रायव्हर होते, रिटायर होऊन सात-आठ वर्षं झालेली. उंच, वाळके, गळ्यात तुळशीची माळ. अंडंसुद्धा घरात येऊ द्यायचे नाहीत, मुंगीच्या वारुळाला साखर घालायचे. आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लांबचं माणूस आवाजावरून ओळखायचे.

या गोष्टीचं मला तेव्हा हसू यायचं, अजूनही येतं. ज्याला समोरची म्हैस दिसत नाही तो माझ्या शेजारी बसला की गाडी सुरक्षित. जिला म्हशीच्या कानातली गोचीड दिसते ती एकटी असली की धोक्याची. पण उत्तमकाकांचं म्हणणं मला आता पटतं. ते डोळे मागत नव्हतेच. त्यांना लाज पाहिजे होती, आणि ती मामांकडे बघितल्यावर कुणालाही वाटली असती.

मी मामांना फक्त एवढंच म्हटलं, "मामा, जालन्याला जायचंय. गाडीत सोबतीला बसा." ते म्हणाले, "बसतो की." काय न्यायचंय ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मी मुद्दाम सांगितलं नाही.

सकाळी गाडी अंगणात लागली. चार पोती चढली. पाचवं खाली होतं. मामा धोतर सावरत आले, काठीनं पोतं चाचपलं.

"काय हाय ह्यात?"

"कोष."

"रेशमाचे?" जरा थांबले. "जीव हायेत आत?"

माझ्या डोक्यात दोन-तीन उत्तरं येऊन गेली. पण त्या माणसाशी खोटं बोलणं जमत नाही. "हायेत," मी म्हटलं. "तिकडं नेल्यावर वाफेत घालतेत."

मामांनी काठी पोत्यावरून काढली. वळले आणि घराकडे चालू लागले. माय म्हणाली, "गेले. आता कसं गं?" अण्णा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी तुतीच्या वावराकडं बघितलं नाही, मीच बघितलं. वीतभर कोवळी पानं आली होती. दहा मिनिटं गेली असतील. मामा परत आले. सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या होत्या. पुढचं दार चाचपून उघडलं, बसले, काठी पायाशी ठेवली.

"ते खालचं दे इकडं," म्हणाले. "मांडीवर."

"मामा, घंट्या-सव्वा घंट्याचा रस्ता हाय. जड व्हईल."

"एस.टी.चं स्टेअरिंग काय हलकं असतं का? दे."

मी पोतं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही हात त्याच्याखाली घातले, झोपलेलं लेकरू धरावं तसे, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

त्या रस्त्यात मी जेवढी गाडी शिकले तेवढी आधी कधी शिकले नव्हते. मामांना दिसत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज ऐकू येत होता आणि बुडाखालचा रस्ता कळत होता. "गिअर," ते म्हणायचे. मी टाकायची. "उशिरा टाकला." खड्डा आला की माझ्या आधी त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा, तिथं नसलेल्या ब्रेकवर. एकदा म्हणाले, "क्लचवरचा पाय काढ. क्लच म्हंजे काय पायपुसणं हाय?" सगळीकडे रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या गंज्या रचलेल्या, काचेवर धूळ, आणि गाडीत तो वास. मी हळू चालवत होते. इतकी हळू की एका बैलगाडीवाल्यानं वळून बघितलं. खड्डा आला की मामा पोतं मांडीवरून जरासं वर उचलायचे. मला वाटलं, मांडी दुखत असेल.

बाजारात ते आत आले नाहीत. बाहेर लिंबाच्या झाडाखाली पाठ करून बसले. आत मोठा गारवा, ओळीनं ठेवलेले क्रेट, त्यांत पांढरं पांढरं पसरलेलं, आणि व्यापारी कोष कानाशी धरून हलवतायत. माझी पोती एकेक रिकामी झाली. चौथ्यापर्यंत सगळं बरं होतं, तळाचे थोडे दबले होते. पाचवं ओतलं आणि व्यापारी म्हणाला, "हे कशात घालून आणलं? एकबी कोष चेपला न्हाई." मी रिकामं पोतं झटकलं आणि घडी घातली.

भाव चांगला लागला. मी धावत बाहेर आले, दोन प्लेट पुरीभाजी घेतली, एक मामांपुढं धरली. "भूक न्हाई," ते म्हणाले. "मामा, सकाळपासून..." "न्हाई म्हणलं न." चहासुद्धा घेतला नाही. म्हातारा रुसला, मला वाटलं, आणि मलाही राग आला. एवढं यश मिळालं, तोंडावर जरा तरी हसू नको का? मी दोन्ही प्लेट एकटीनं खाल्ल्या, ठरवून, सावकाश.

घरी आल्यावर अण्णांनी पावती बघितली, उलटी करून बघितली. मग म्हणाले, "राहू दे तुती." आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

पण तुती राहिली म्हणजे पुढची बॅच आली, आणि पुढची बॅच आली म्हणजे परत गाडी. एका सुगीपुरतं वाटलेलं ते दर दोन-तीन महिन्यांचं झालं. पिकअपवाल्यांचे नखरे, टॅक्सीवाल्यांची नाकं, आणि पाच पोती. उत्तमकाकांनी अट एकदाही सैल केली नाही. मी दर वेळी विचारायची, "अजून?" ते लायसन बघायचे आणि म्हणायचे, "अजून." दर वेळी मी मामांच्या दारात जायची. दर वेळी ते गळ्यापर्यंत गुंड्या लावून यायचे, पोतं मांडीवर घ्यायचे, बाजाराबाहेर पाठ करून बसायचे. आणि भाव काय लागला हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. एक शब्दही नाही. मला ते फार लागायचं.

दुसऱ्या वर्षी एकदा गिरणीवर दळण ठेवून बसले होते. शेजारी मामी, गंगाधरमामांची बायको. पीठ उडत होतं, गिरणीच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं. मामी म्हणाल्या, "तुझे कोष पुढच्या म्हैन्यात हायेत न गं? सांगून ठेव, मंग मी त्या दिवशी स्वयंपाकाचं बघते."

"म्हणजे?"

"आगं, त्या दिवशी हे जेवत न्हाईत न. माळ काढून देवापाशी ठेवतेत, मंग तुझ्या गाडीत बसतेत. दिवसभर पाणी तेवढं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून माळ घालतेत, मंग चहा. तुला म्हाईत न्हाई?"

गिरणी बंद झाली तरी मी ओरडूनच बोलत होते. "मला कुणी सांगितलंच न्हाई." सगळ्या बाया वळून बघायला लागल्या.

ज्यांना माळ म्हणजे काय हे माहीत नाही त्यांना कसं सांगू? आमच्याकडं माळकरी माणूस दवाखान्यातसुद्धा माळ काढू देत नाही, डॉक्टरशी भांडतो. आणि हा माणूस माझ्यासाठी, माझ्या कमी पडणाऱ्या वर्षांसाठी, दर खेपेला ती काढून ठेवत होता. पहिल्या दिवशी तो वळून घरी गेला होता तो त्यासाठी. डबल डिपॉझिट, दीडपट भाडं, बोकड, हा सगळा खर्चा मी तोंडपाठ सांगायची, जो भेटेल त्याला. माझ्याएवढं कुणालाच मोजावं लागलं नाही असं सांगायची. आणि खरं भाडं भरणारा शेजारच्या सीटवर उपाशी बसून मला गिअर सांगत होता. मी त्याच्यासमोर दोन प्लेट पुरीभाजी खाल्ली होती. दळण तसंच ठेवून मी घरी आले.

त्या रात्री मी ठरवलं, मामांना न्यायचं नाही. सकाळी उत्तमकाकांकडं गेले, म्हटलं तिप्पट डिपॉझिट घ्या. म्हणाले, "पैशानं वय वाढत न्हाई, बाई." अण्णांच्या मागे लागले, लायसन काढा. चार दिवस भांडून त्यांचं शिकाऊ लायसन काढलं आणि महिना भरल्यावर त्यांना चाचणीला नेलं. तिथं गाडीचा इंग्रजी आठ काढायचा असतो. अण्णांनी आठ बघितला आणि म्हणाले, "आसं कुठल्या रस्त्यावर चालवतेत?" आणि सरळ फाटकातून बाहेर निघून आले, थेट घरी. तोवर शेडमध्ये कोष काढून ठेवले होते. घड्याळ चालू होतं.

मी मामांच्या दारात गेले. कळत असून गेले. हे मी लपवत नाही. वाईट वाटून तुती जगत नाही, आणि तुती नसती तर आज मी कुठं असते हे मला चांगलं माहीत आहे. लोक म्हणतात, अशा वेळी मन मारावं लागतं. मी मन मारलं नाही, मी ते बरोबर घेऊन गेले. फक्त एवढं केलं की त्यांच्यासमोर खाणं बंद केलं. डबा परत घरी यायचा, माय विचारायची, मी म्हणायची, "भूक न्हाई." आणि गाडी अशी चालवायला शिकले की खड्ड्यात मामांना पोतं उचलावं लागू नये. तेवढंच माझ्या हातात होतं. मला माहीत आहे हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि तेही बोलले नाहीत. दोन वर्षं आम्ही दोघं त्या गाडीत असे गेलो, गिअर आणि क्लच एवढंच बोलत.

वयाचं एक बरं असतं. बाकी काही केलं नाही तरी ते होतं. पंचवीस पूर्ण झाल्यावरची पहिली बॅच परत सुगीतच आली. उत्तमकाकांनी तारीख वाचली, बोटांवर मोजलं, परत मोजलं, आणि किल्ली टेबलावरून माझ्याकडं सरकवली. डिपॉझिट सिंगल. भाडं साधं. पाचवं पोतं मी पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. एकटीनं गाडी चालवायची ही हौस मला चार वर्षं होती. त्या दिवशी गाडीत इतकी शांतता होती की मी स्वतःच मोठ्यानं "गिअर" म्हणाले.

माल विकून दुपारी परत आले ती सरळ मामांच्या घरी. मामा खाटेवर बसले होते, सदऱ्याच्या वरच्या गुंड्या उघड्या, माळ गळ्यात. मामी चुलीपाशी. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि जे दोन वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मामा, तुम्हाला एवढं पाप वाटत होतं, मंग आले कशाला?"

त्यांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मामींकडं बघितलं, म्हणजे मामी जिथं असतील तिकडं. त्यांना कळलं की मला कळलंय.

"पापाचं मी अन् देव पाहून घेऊ. तू मधी पडू नको," ते म्हणाले. "तुझं वय कमी पडत होतं, त्याला तू काय करणार होती? माझ्यापाशी जास्तीचं होतं. डोळे गेल्ते, गाडी गेल्ती, नुसतं वय राह्यलं होतं. घरी बसून वायाच चाललं होतं ते. म्हणलं, घे बाई, लागतंय तं."

माझं तोंड बंद होणं ही वस्तीवर सांगण्यासारखी गोष्ट आहे, पण तिथं मामींशिवाय साक्षीला कुणी नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. अण्णांना सांगितलं होतं रडणार नाही म्हणून, पण ते तुतीबद्दल होतं.

मामांनी मला रडू दिलं. मग खाकरून विचारलं, "भाव काय लागला?"

मी सांगितला.

"बराबर हाय," ते म्हणाले, आणि मामींच्या दिशेनं मान वळवली. "दोन ताटं वाढ."